ओकेवर क्लिक करा

वर्ड शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल माझी एकच तक्रार आहे. ती लिहिणाऱ्यांना वर्ड येतं.

बाकी या पुस्तकांवर माझा लोभ आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, दादरला स्टेशनबाहेर, नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे आणि रांगोळीची पुस्तकं यांच्या मध्ये ती सुखाने उभी असतात. मुखपृष्ठावर निळी पृथ्वी असते आणि तिच्याभोवती शून्य-एक, शून्य-एक असा पट्टा फिरत असतो. खाली पाठीला पोक आलेला जुना मॉनिटर आणि त्याच्याकडे बघून हसणारा टायवाला गोरा माणूस. वर्डकडे बघून इतकं हसणारा माणूस मला तरी अजून कुठल्या ऑफिसात भेटलेला नाही. कोपऱ्यातल्या पिवळ्या चांदणीत ‘अत्यंत सोप्या मराठी भाषेत’ असं लिहिलेलं असतं, आणि मागच्या बाजूला ‘विद्यार्थी, गृहिणी, नोकरदार, व्यापारी व ज्येष्ठ नागरिक अशा सर्वांना उपयुक्त’. यातून तान्ही बाळं तेवढी सुटतात.

पुस्तक विकत घेणाऱ्याची गरज मात्र अगदी बारीक असते. पाणीपट्टी दुप्पट आली म्हणून नगरपालिकेला अर्ज करायचा असतो, तो टाइप केलेला हवा असतो आणि सोमवारी द्यायचा असतो. शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर तो मोठ्या आशेने पुस्तक उघडतो. पहिल्या पानावर त्याला चार्ल्स बॅबेज भेटतात.

बॅबेज १८७१ साली वारले. त्यांनी आखलेलं ॲनालिटिकल इंजिन हे गणकयंत्र त्यांच्या हयातीत काही पुरं झालं नाही, पण मराठी संगणक-पुस्तकाचं पहिलं पान त्यांना कायमचं मिळालं. त्यांच्या पाठोपाठ ॲबॅकस येतो. मग संगणकाच्या पिढ्या, मग चौकोन आणि बाण यांची ती आकृती: इनपुट, सीपीयू, आउटपुट. ‘सीपीयूला संगणकाचा मेंदू असे म्हणतात’ हे वाक्य ठळक. रॅम आणि रॉम यांच्यातला फरक तक्त्यात, उद्या पेपरात येईल अशा बेताने. रविवारी संध्याकाळपर्यंत व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे काय हे वाचकाला नीट कळलेलं असतं. अर्जातलं ‘प्रति,’ अजून व्हायचं असतं.

चाळिसाव्या पानाच्या आसपास एकदाचं वर्ड सुरू होतं. पण लेखक शिकवायला जो क्रम धरतो तो माणसाच्या अडचणींचा नसतो, मेनूचा असतो. फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, टेबल, विंडो, हेल्प. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकही कमांड न गाळता. मजकुराचा मासला साधारण असा:

‘क्लोज : उघडलेली फाइल क्लोज करण्यासाठी या कमांडचा उपयोग होतो.’

‘सेव्ह ॲज : फाइल सेव्ह ॲज करावयाची असल्यास ही कमांड द्यावी. सेव्ह ॲजचा डायलॉग बॉक्स दिसेल. त्यातील योग्य ते पर्याय निवडा व ओकेवर क्लिक करा.’

आता सेव्ह ॲजच्या त्या चौकटीत ओके नावाचं बटणच नाही. तिथे ‘सेव्ह’ आणि ‘कॅन्सल’ असतात. पण दोनशे पानं ‘ओकेवर क्लिक करा’ लिहून लेखकाच्या हाताला वळण पडलेलं असतं, आणि वाचक बिचारा सगळी चौकट धुंडाळून ओके शोधत बसतो. त्याहून जिवावरचे शब्द म्हणजे ‘योग्य ते पर्याय’. कुठला पर्याय योग्य हे ज्याला कळतं, तो एसटी स्टँडवर पुस्तक कशाला घेईल? पण लेखकाला तिथे काही राहून गेल्यासारखं वाटतच नाही. त्याचा हात योग्य पर्यायावर कधीच जाऊन पोहोचलेला असतो आणि तो तिथे कसा गेला हे तो हातही विसरलेला असतो.

अमेरिकेत यावर एक उतारा निघाला. १९९१ साली डॅन गुकिन यांनी ‘डॉस फॉर डमीज’ नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे वाचकाला मुखपृष्ठावरच मठ्ठ म्हणून मोकळे झाले. पुस्तक धडाक्यात खपलं, त्याची मोठी मालिका झाली आणि गुकिन यांनी त्याच मालिकेत वर्डवरही लिहिलं. तिथला वाचक स्वतःला मठ्ठ म्हणवून घेत दुकानात जातो आणि पैसे देऊन पुस्तक घेऊन येतो. आपल्याकडे हे चालणं कठीण. ‘मठ्ठांसाठी वर्ड’ असं पुस्तक काढलं तर खप होईल, नाही असं नाही, पण ते कोणी स्वतःसाठी घेणार नाही. साहेबांच्या वाढदिवसाला विभागातले लोक वर्गणी काढून घेतील. म्हणून आपल्या पुस्तकाची सुरुवात ‘विद्यार्थी मित्रहो’ने होते. मान ठेवायचा पूर्ण, आणि सांगायचं काही नाही.

सॉफ्टवेअर साधं होतं तेव्हा पुस्तकाशिवाय चालतच नसे. १९७८ साली वर्डस्टार आलं, तेव्हा माउस नव्हता आणि बटणांवर चित्रंही नव्हती. मजकुराचा एखादा तुकडा उचलायचा तर सुरुवातीला कंट्रोल धरून के-बी, शेवटी के-के, मग कर्सर नव्या जागी नेऊन के-व्ही. सेव्ह करून काम पुढे चालू ठेवायचं तर के-एस. ज्यांनी हे एकदा पाठ केलं ते तहहयात सुटले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची मूळ कादंबरीमाला लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ साली टीव्हीवर सांगितलं, की आपण अजून डॉसच्या मशीनवर वर्डस्टारमध्येच लिहितो. त्यांचा पुढचा खंड वर्षानुवर्षं का रखडलाय याची कारणं त्यांना ठाऊक. पण बटण सापडत नाही म्हणून रखडलेला नाही, एवढं नक्की.

वर्डवाल्यांना हे सुख मिळालं नाही. १९८३ साली आलेलं वर्ड वाढत वाढत घराघरात पोहोचलं, लोकांना फाइल-एडिट-व्ह्यू अंगवळणी पडलं, आणि २००७ची आवृत्ती आली. मेनूंची ती ओळखीची रांग गेली आणि वर रिबन नावाचा जाडजूड पट्टा आला. सासूबाई गावाला गेल्या असताना सुनेने स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवावेत आणि त्या परत आल्यावर ‘आता कसं पटकन सापडेल!’ म्हणून दाखवावं, तसा सगळा प्रकार. सगळ्यात कहर म्हणजे ‘फाइल’ हा शब्दच नाहीसा झाला. त्याच्या जागी वर कोपऱ्यात एक गोल रंगीत चिन्ह आलं. ते दाबता येतं हे कित्येकांना कळलंच नाही, कंपनीचा शिक्का असेल म्हणून लोकांनी त्याला हातही लावला नाही. तीन वर्षं भल्याभल्या ऑफिसांत ‘अहो, प्रिंट कुठून देतात?’ हा प्रश्न घुमत राहिला. २०१०च्या आवृत्तीत ‘फाइल’ मुकाट्याने जागेवर परत आलं.

या उलथापालथीत पुस्तकांचं काय झालं? काही नाही. ती होती तिथेच राहिली. मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असं आलं आणि आत टूल्स मेनू पूर्वीप्रमाणेच नांदत राहिला. वाचकाच्या स्क्रीनवर टूल्स नव्हता. अशा वेळी मराठी माणूस पुस्तकावर संशय घेत नाही, छापलेलं खोटं कसं असेल? तो कॉम्प्युटरवर संशय घेतो. ‘आमच्याकडच्या वर्डमध्ये टूल्स टाकलेलं नाही, त्या दुकानदाराने फसवलं,’ असं मी एका निवृत्त तलाठ्यांच्या तोंडून ऐकलंय. ते ग्राहक मंचात जायच्या बेतात होते.

गंमत अशी की, न येणाऱ्या माणसाला विचारावं लागतं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फार आधी कळलं होतं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीची प्रयोगशाळा होती. हो, आपण ‘दोन झेरॉक्स काढून आण’ म्हणतो तीच कंपनी. तिथल्या लॅरी टेस्लर यांनी नव्याने लागलेल्या एका सेक्रेटरीला चक्क कोऱ्या स्क्रीनपुढे बसवलं. तिच्या हातात दुरुस्त्या केलेला कागद दिला आणि म्हणाले, समजा हा मजकूर या पडद्यावर आहे, तर या दुरुस्त्या तुम्ही कशा कराल? ती बोटाने दाखवत गेली: इथे हे घालीन, हे एवढं उडवीन, हे उचलून तिकडे नेईन. टेस्लर बघत गेले. पुढे त्यांनी आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा प्रोग्राम केला आणि आपलं रोजचं कट-कॉपी-पेस्ट त्यातून आकाराला आलं. त्याच प्रयोगशाळेत ब्राव्हो नावाच्या प्रोग्रामवर काम करणारे चार्ल्स सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि दोन वर्षांनी वर्ड आलं. म्हणजे वर्डच्या घराण्यात अडाण्याला विचारून काम करायची चाल होती. पुस्तकं लिहिणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली नाही.

कंपनीने मध्यंतरी पुस्तकच उचलून सॉफ्टवेअरच्या आत घालायचा प्रयत्न केला. ऑफिस ९७मध्ये डोळे असलेली एक कागदाची क्लिप कोपऱ्यात येऊन उभी राहू लागली. आपण ‘डिअर सर’ लिहिलं की ती भुवया उडवून विचारायची, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का? पत्र लिहितोय हे लिहिणाऱ्याला ठाऊकच असायचं. त्याला अडायचं ते दुसरीकडेच, आणि तिथे ही गप्प. तिला घालवायचं कसं हे विचारावं तर तेही तिलाच विचारावं लागे. २००१च्या आवृत्तीत कंपनीने तिला आपणहून यायची बंदी केली आणि २००७मध्ये तिचं नावच कमी झालं.

महाराष्ट्र खरं तर पुस्तकांनी शिकलाच नाही, क्लासमध्ये शिकला. २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स सुरू झाला, सरकारी नोकरीच्या जाहिरातींत ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण’ ही अट दिसू लागली आणि गल्लोगल्ली बोर्ड लागले. पंख्याखाली दहा मशीन, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत दहावी झालेली मुलगी, तिच्या शेजारी तिचीच आई, आणि पलीकडे बढती अडकलेले पंचायत समितीतले वरिष्ठ लिपिक. शिकवणारा मुलगा बावीस वर्षांचा, आणि त्याला सगळे ‘सर’ म्हणणार, लिपिकसुद्धा.

या क्लासमध्ये ज्या गोष्टी खऱ्याखुऱ्या अडतात त्या एकाही पुस्तकात नसतात. उदाहरणार्थ, माउस. माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला येतो, बाण स्क्रीनच्या मध्येच असतो, आणि काकू हात लांब करून टेबलाबाहेर हवेत माउस धरून बसतात.

“सर, टेबल संपलं.”

“काकू, उचला आणि मागे आणून ठेवा.”

“उचलला तर बाण पडणार नाही ना?”

या प्रश्नाचं उत्तर मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. डबल क्लिकचंही तेच. दोन टिचक्यांमध्ये किती थांबायचं? काकू पहिली टिचकी मारतात, झालंय का बघतात, काही झालेलं दिसलं नाही म्हणून दुसरी मारतात. दोन्ही मिळून डबल क्लिकच झालं की, असा त्यांचा सवाल असतो, आणि हिशेब म्हणून तो बिनतोड आहे.

टायपिंगच्या क्लासमधून आलेल्या मंडळींची निराळीच कथा. परीक्षा परिषदेची तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा काढलेली, बोटं न बघता चालतात, एफ आणि जेवरच्या त्या बारीक उंचवट्यांची गरजही पडत नाही. पण टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि हात कॅरेज ढकलायचा, तो हात अजून तसाच. प्रत्येक ओळीच्या शेवटी खाडकन एंटर. मजकूर दिसायला सुरेख. मग साहेब पहिल्या ओळीत ‘तातडीने’ हा एक शब्द घालायला सांगतात आणि खालचं सगळं पत्र कोसळतं: एक ओळ लांब, एक ओळीत फक्त ‘आहे’, पुन्हा लांब, पुन्हा ‘करावी’. ‘ओळ संपली तरी एंटर दाबू नका, ओळ आपली आपण खाली जाते’ हे एक वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं तर राज्याच्या कारभाराचे कितीतरी तास वाचले असते. पण त्या पानावर बॅबेज आहेत.

शिकलेला माणूस काय शिकलाय हे बघायचं असेल तर वर्डमध्ये होम टॅबवर उलट्या पीचं एक चिन्ह आहे, ते दाबावं. एरवी न दिसणाऱ्या सगळ्या खुणा उमटतात: एका स्पेसला एक टिंब, टॅबला बाण, एंटरला तोच उलटा पी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाठवलेल्या वार्षिक सभेच्या नोटिशीवर मी ते दाबून पाहिलं. ‘नोटीस’ हा शब्द मधोमध आला होता, कारण त्याच्या डावीकडे टिंबांची लांबलचक रांग होती. सेंटर करायचं बटण तिथून दोन बोटांवर होतं. नवीन पान सुरू झालं होतं ते एंटर दाबून दाबून, पानभर उलटे पी एकाखाली एक कवायतीला उभे. सहीची जागा उजवीकडे गेली होती तीही टिंबांच्या खांद्यावरून. कागदावर मात्र नोटीस निर्दोष होती. स्पेसबारने ज्याचं सगळं भागतं त्याला कोण कशाला शिकवायला जाईल? सेक्रेटरींना मी कंट्रोल-एंटरने नवं पान येतं असं सांगितलं, तर ते म्हणाले, “दोन-दोन बटणं कशाला? माझं एकात होतं.”

आता खरा मुद्दा, म्हणजे मराठी. मराठीतून वर्ड शिकवणाऱ्या मराठी पुस्तकात मराठी कसं टाइप करायचं हे शेवटच्या प्रकरणात येतं, मेल मर्जच्याही नंतर, अर्ध्या पानात. ‘मराठीत टाइप करण्यासाठी योग्य तो फॉन्ट निवडा.’ पुन्हा योग्य तो!

त्या अर्ध्या पानाखाली जे गाडलेलं आहे त्यावर खरं तर चार खंड निघाले असते. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाचा आपला फॉन्ट आणि आपला रिवाज. या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात मराठी नसायचंच. पोटात इंग्रजी अक्षरं असायची आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवायचा. कृतीदेवमध्ये ‘महारा’ लिहिलं की आत ई, जी, के, जे, के एवढंच जमा व्हायचं. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला ती फाइल पाठवली की महाराष्ट्राचा चेहरा गळून पडायचा आणि त्याला ‘ईजीकेजेके’ दिसायचं. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे नेलेला मजकूर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ म्हणून निघायचा आणि पोहोचेपर्यंत कंस, टक्के आणि स्वल्पविराम यांची वरात व्हायची.

यावरचं औषध युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणारी पद्धत. त्याच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण मराठी माणसाच्या रोजच्या ‘ॲ’ला त्यात स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोवर ‘ॲ’ हा ‘अ’वर चंद्र ठेवून भागवायचा, आणि पुष्कळ मशीनवर चंद्र ‘अ’च्या डोक्यावर न बसता शेजारी येऊन उभा राहायचा. ज्या भाषेत ॲडमिशन, ॲडव्हान्स आणि ॲम्ब्युलन्स यांच्यावाचून दिवस सरत नाही तिथे हे फारच झालं.

युनिकोड आलं तरी बोटांचं भांडण मिटलं नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आखणी इतकी नेटकी की बालवाडीच्या तक्त्यासकट शिकवता यावी, म्हणूनच बहुधा कोणी शिकायला जात नाही. टायपिंगवाले आजोबा म्हणतात, टाइपरायटरचं रेमिंग्टनच हवं. नातू इंग्रजीत ‘ए ए आय’ दाबून ‘आई’ उमटवतो आणि त्याला दुसरं काही ठाऊकच नाही. एका घरात, एका मशीनवर, एकाच भाषेत लिहिणारी दोन माणसं, आणि एकाने उठताना कीबोर्ड बदलला नाही तर दुसऱ्याचं ‘महोदय’ होत नाही. पुस्तकाला हे घर माहीतच नाही. त्यात ‘योग्य तो’ फॉन्ट निवडून सगळे आनंदात आहेत.

आता पुस्तकांची जागा व्हिडिओंनी घेतलीय. ‘नमस्कार मित्रांनो’पासून सुरुवात, पहिली दोन मिनिटं चॅनल सबस्क्राइब करण्यात आणि घंटी दाबण्यात, आणि मग हव्या त्या बटणावर बाण इतक्या चपळाईने येऊन जातो की पुन्हा मागे घेऊन बघावं लागतं. बॅबेज गेले ही एक प्रगती. पण ‘इथे आपल्याला सिम्पली असं करायचंय’ हे आलं. सिम्पली म्हणजे योग्य तो पर्याय.

मग नवशिक्यासाठी चांगलं पुस्तक नाहीच का? आहे. ते मी पाहिलंय. ते माझ्या आत्याकडे आहे.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. महिला मंडळाचा अहवाल हाताने लिहून द्यायचा तर मंडळातल्या पोरी ‘काकू, सॉफ्ट कॉपी द्या ना’ म्हणतात, म्हणून ती वर्ड शिकली. भाच्याने शिकवायला घेतलं तर म्हणाली, “अरे, तू भराभरा करून दाखवतोस आणि वर ‘कळलं ना’ विचारतोस. तू नुसता शेजारी बस. मी करते आणि मीच लिहून ठेवते.” तिने शंभर पानी वही घातली. त्या वहीत मेनूचा क्रम नाही. जे जसं अडलं ते तसं, निळ्या पेनाने, महत्त्वाचं लाल पेनाने. तिच्या परवानगीने काही नोंदी देतो.

‘वर डावीकडे जुन्या फ्लॉपीचं चित्र. दाबणे. दाबलं की नाही आठवत नसेल तर परत दाबणे. नुकसान नाही.’

‘सगळा मजकूर एकदम करडा झाला तर घाबरू नये. कुठलंही अक्षर दाबू नये (लाल पेन), सगळं जातं. मजकुरात कुठेही एकच टिचकी मारणे. उतरतं.’

‘तरी गेलंच तर : आधी कंट्रोल. तो धरून ठेवायचा. मग झेड. परत येतं. किती वेळा येतं? पुष्कळ वेळा.’

‘फोटो टाकला की मजकूर पळतो. फोटोवर टिचकी मारली की बाजूला कमानीचं लहान चित्र दिसतं. ते दाबून स्क्वेअर. मजकूर फोटोभोवती नीट बसतो. फोटो हलवला की पुन्हा पळणार, तयारी ठेवणे.’

‘तक्त्यानंतर शेवटी कोरं पान येतं. पुसत बसू नये, ते पुसलं जात नाही. तिथे जाऊन अक्षराचा आकार १ करणे. पान जातं. (असं का, हे भाच्यालाही माहीत नव्हतं. शोधून सांगितलं.)’

या शेवटच्या नोंदीत दम आहे. वर्डला तक्त्यानंतर एक परिच्छेद लागतोच, तो काढता येत नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत आला की तो रिकामा परिच्छेद पुढच्या पानावर जाऊन बसतो, आणि त्याला मुंगीएवढा करणं हा सोपा उपाय. दहा-दहा वर्षं वर्ड वापरणारी माणसं ते कोरं पान तसंच छापतात आणि मागच्या बाजूला वाणसामानाची यादी करतात. आत्याच्या वहीत मात्र त्याला स्वतःचं पान आहे. अनुक्रमणिकाही आहे, आणि तिची शीर्षकं अशी: ‘गेलं’, ‘पळालं’, ‘जात नाही’, ‘मोठं झालं’, ‘छापताना’. पाच शीर्षकांत वर्डचं सगळं दुःख येऊन गेलंय, आणि कुठेच ‘योग्य तो’ नाही, कारण लिहिताना योग्य काय हे लिहिणारीलाच ठाऊक नव्हतं. तिने चाचपडत जिथे बोट ठेवलं तिथलं वर्णन लिहिलं.

वहीचा शेवटचा भाग मात्र तितका सरस नाही. आत्याला आता वर्ड यायला लागलंय. मंडळातल्या बायका तिला विचारायला येतात. परवा वही चाळताना ‘मार्जिन’ या नोंदीखाली दिसलं : ‘लेआउटमध्ये जाऊन आपल्याला हवं तसं करून घेणे.’ मी म्हटलं, “आत्या, हवं तसं म्हणजे कसं?” तर म्हणाली, “त्यात काय सांगायचंय? बघितलं की कळतंच.”

तेव्हा प्रकाशकांना एक व्यवहार्य सूचना. वर्डचं पुस्तक लिहायला तज्ज्ञ बोलावू नका. ज्याला काहीच येत नाही असा माणूस धरा, त्याला एक वही द्या आणि मशीनपुढे बसवा. तो अडेल तसं लिहील. ज्या दिवशी त्याच्या हस्ताक्षरात पहिलं ‘योग्य ते’ दिसेल त्या दिवशी वही काढून घ्या, मानधन द्या आणि आभार माना. पुढच्या आवृत्तीला नवा माणूस लागेल, पण त्याची चिंता नको. कंपनी दर दोन-चार वर्षांनी बटणं हलवते आणि आपल्या सगळ्यांनाच पुन्हा लेखक व्हायच्या लायकीचं करून ठेवते.